शांत स्वभावाच्या माणसाला ट्रेकचा लीडर होता येईल का?

"ऑफिसच्या १५ जणांना खिरेश्वरवरून हरिश्चंद्रगडावर न्यायचंय. पण माझा आवाज बारीक, स्वभाव शांत. लीडर म्हणून जमेल का?" असं तुम्ही विचारलंय. जमेल. २२ वर्षं सह्याद्रीत पोरं घेऊन फिरतोय, आवाजावाचून कुणाचं अडलेलं पाहिलं नाही. अडतं ते मागच्यांकडे लक्ष नसल्यामुळे आणि 'परत फिरू' म्हणायला जीभ रेटत नाही म्हणून.

ऑगस्टातला प्रसंग, हीच वाट. तोलार खिंडीत पोचेपर्यंत दोन वाजून गेले होते. एक नवा मुलगा मागे पडत होता. विचारलं, तर "काही नाही दादा, ठीक आहे." पण बिस्किटाचा पुडा काही त्याला फाडता येईना, बोटं इतकी गारठलेली. पुढे रेलिंगचा कातळटप्पा, मग धुक्यात टेकडीमागून टेकडी. मी सगळ्यांना तिथूनच खाली वळवलं. पोरं चिडली, दोघं तर बोलेनात. गाडीत बसल्यावर मी सांगितलं की चूक माझी, सकाळी निघायलाच दोन तास उशीर केला. मग कुठे ती बोलायला लागली. पुढच्या ट्रेकला दोघंही आली.

तुम्ही स्वतः शेवटी चाला. पुढे वाट माहीत असलेला माणूस द्या. मागचा दिसेनासा झाला की थांबायचं, एवढंच त्याला सांगा. आणखी एक. पुढचे बसून दम खातात आणि मागचा पोचला रे पोचला की उठून चालायला लागतात. सगळ्यांत दमलेल्यालाच विसावा मिळत नाही! तो पोचल्यावर पाच मिनिटं कुणाला उठू देऊ नका.

२०१९ साली पुण्याच्या 'गिरिप्रेमी' या गिर्यारोहण संस्थेचे १० गिर्यारोहक ८५८६ मीटरच्या कांचनजुंगावर पोचले, तेव्हा मोहिमेचे नेते उमेश झिरपे बेस कॅम्पवरून सूत्रं सांभाळत होते. शिखरावर आपण नसलो तरी चालेल, हे आतून पटलेलं असावं लागतं. मला ते पटायला बरीच वर्षं लागली.

वाट पक्की माहीत नसेल तर तसं सरळ सांगा आणि गावातला वाटाड्या घ्या. त्या टेकड्यांत धुक्यात भलेभले चुकतात. आणि १५ जणांत निम्मे नवखे असतील तर खिरेश्वरचा हट्ट आजच सोडा, पाचनईवरून जा. ती वाट सोपी आहे, वेळही कमी लागतो.