पंचेचाळीस हजाराची गाडी अन् क्लचवरचा डावा पाय

प्रश्न : नमस्कार दादा. मी दारव्हा तालुक्यात झेडपीच्या शाळेवर शिक्षिका आहे. शाळा घरापासून २२ किलोमीटर, सकाळची एसटी एकच, ती गेली की मग काळीपिवळीत कोंबून जायचं. ओळखीतला एक जण २०१० ची मारुती ८०० पंचेचाळीस हजारात देऊन राहिला. आरसीची (गाडीच्या नोंदणीची) मुदत संपून चार महिने झाले, पण तो म्हणतो "ते होऊन जाते". घ्यावी का? अन् दुसरं, मला चालवता येत नाही. लर्निंग लायसन काढलं, मिस्टर दिराच्या गाडीवर शिकवतात पण गाडी सुटतानाच बंद पडते, मग ते ओरडतात अन् पारावरचे पोट्टे हसतात. ऑटोमॅटिकचं आपलं बजेट नाही.

उत्तर : ताई, "ते होऊन जाते" असं कोणी म्हटलं की पर्सची चेन लावून घ्यायची. होऊन जाते ना, मग तूच करून दे म्हणा. प्रायव्हेट गाडीची आरसी १५ वर्षांची असते, पुढे गाडी आरटीओत नेऊन दाखवायची, पास झाली तर ५ वर्षं वाढवून मिळते. याची फी आधी ६०० होती ती एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली, उशीर झाला तर कारला महिन्याचे ५०० वेगळे, त्यावर आपल्या राज्याचा पर्यावरण कर, इन्शुरन्स संपलेला असणारच (अशा गाडीचा नेहमी संपलेलाच असते), शिवाय नवी एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट. सगळं धरलं तर तुमची पंचेचाळीसची गाडी रस्त्यावर येईस्तोवर साठच्या जवळ जाते. तेव्हा एकतर त्याच्याच खर्चानं रिन्यू करून घ्या अन् मग पैसे द्या, नाहीतर तेवढे पैसे भावातून कापा, पण माझं ऐकाल तर पहिलंच करा, कारण गाडी पासिंगला फेल झाली तर ती डोकेदुखी त्याची राहते, तुमची नाही. फॉर्म २९ अन् ३० वर त्याच्या सह्या घ्या, ३० दिवसांच्या आत नावावर करायचा अर्ज टाका, इन्शुरन्सही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. स्टँपपेपरवर लिहून दिलं म्हणजे गाडी आपली झाली असं समजणारे गावोगावी आहेत, ती होत नाही.

गाडी म्हणाल तर शिकायला याच्यापेक्षा बरी मिळणार नाही. १९८३ च्या डिसेंबरात सुरू झाली, २०१४ च्या जानेवारीत शेवटची निघाली. २०१० च्या एप्रिलपासून मोठ्या १३ शहरांत धुराच्या नव्या नियमापायी तिची विक्री बंद झाली, आपल्या इकडं मात्र शोरूमला मिळत होती, म्हणून या सालाच्या गाड्या तालुक्याच्या गावात अजून दिसतात अन् पार्टही मिळतात, मेकॅनिकला पुस्तक पाहावं लागत नाही. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, पॉवर स्टिअरिंग नाही, वजन इतकं कमी की बंद पडली तर दोघं जण ढकलत नेतात. पण एअरबॅगही नाही अन् पत्राही पातळ, हे डोक्यात पक्कं ठेवा. शाळेच्या रस्त्याला ठीक, नागपूर हायवेला ट्रकांच्या मधात शंभरनं पळवायची ही गाडी नाही.

पाहायला जाल तेव्हा न सांगता सकाळी जा अन् आधी बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर त्यानं तुम्ही यायच्या आधी चालू करून ठेवली, म्हणजे थंड इंजिनची काहीतरी भानगड आहे. थंड असतानाच चालू करायला लावा अन् मागचा धूर पहा, निळसर असेल तर ऑइल जळते, पांढरा असेल अन् गरम झाल्यावरही थांबत नसेल तर पाणी आत जाते, दोन्हीचा खर्च मोठा. ऑइलचं झाकण काढून आतून दुधाळ फेस दिसला तर चहा पिऊन घरी या. पायाखालची मॅट उचला, खाली पत्रा सडलेला असू शकतो, वरून पेंट मारलेल्या गाडीत तर हमखास. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३१६ असेल तर २०१६ चा २३वा आठवडा, नक्षी कितीही चांगली दिसो, तसा टायर मे महिन्यात आपल्या उन्हात फुटतेच. चासिस नंबर आरसीसंग जुळवून पहा. घरच्या गॅस सिलिंडरवर चालवलेली दिसली तर मात्र फुकटातही घेऊ नका. अन् क्लचप्लेटची परीक्षा मेकॅनिकशिवाय होते : हँडब्रेक पूर्ण ओढा, तिसरा गिअर टाका, थोडी रेस देऊन (ॲक्सिलेटर दाबून) क्लच सोडा, गाडी झटका खाऊन बंद पडली पाहिजे. बंद न पडता इंजिन घुरघुरतच राहिलं तर प्लेट गेली.

आता डाव्या पायाचं.

बंद पडते याचं कारण तुम्ही नाही ताई, शिकवणारे दोन पायांचं काम एकदम सांगतात हे कारण आहे. "क्लच सोड, रेस दे, सोड, अगं रेस दे" अशी बोंबाबोंब झाली की माणूस घाबरून क्लच एकदम सोडतेच, मग इंजिन झटक्यात चाकाला जोडल्या जाते अन् उभ्या गाडीचं वजन त्याला ओढवत नाही. म्हणून पहिले काही दिवस ॲक्सिलेटर नावाची गोष्ट गाडीत नाहीच असं समजा. कापसाच्या जिनिंगचं आवार हंगाम संपल्यावर रिकामं असते, ओळख काढून परवानगी घ्या, नाहीतर आठवडी बाजाराची जागा बाजार नसल्या दिवशी. सपाट पाहिजे. सीट इतकी पुढं घ्या की क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील, चप्पल काढा नाहीतर पट्ट्याची घाला. क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर, उजवा पाय ब्रेकवरून काढून बाजूला, अन् क्लच मुंगीच्या चालीनं सोडत या. एका जागी इंजिनचा आवाज जड होते, बोनेट थोडं थरथरते अन् गाडी आपोआप सरकायला लागते. तिथंच पाय थांबवा. दोन-तीन सेकंद तसाच धरा, गाडी चालायला लागली की मग बाकीचा सोडा. क्लच दाबा, ब्रेक मारा, पुन्हा तेच. ही जागा पायाला पाठ झाली की रेस द्यायचं शिकायला एक संध्याकाळ लागते, अन् तोवर पोट्टेही हसून हसून कंटाळतात.

एक मात्र आहे, प्रत्येक गाडीची ही जागा वेगळी. दिराच्या गाडीत अर्ध्यात असेल तर या ८०० मध्ये वर, पाय जवळजवळ सुटतानाच, सापडेल. फारच वर असेल तर प्लेट संपत आली किंवा केबल ॲडजस्ट करायची आहे. ८०० चा क्लच केबलचा असतो अन् जुनी केबल दगडासारखी जड होते, ती स्वस्तात बदलून मिळते, ती बदलल्याशिवाय शिकायला बसूच नका. नवीन शिकणारे समजतात आपला पाय कमजोर आहे, अन् खरी भानगड केबलची असते. गाडी चालू झाल्यावर डावा पाय क्लचवरून काढून खाली ठेवायचा, नुसता टेकवून ठेवला तरी बेअरिंग घासते. रिव्हर्स टाकताना कर्रकन आवाज आला तर जोर करू नका, गाडी पूर्ण थांबवा, क्लच दाबून जरा वेळ थांबा, मग टाका.

बाजूला लायसनवाला माणूस अन् पुढं-मागं लाल एल, हे कायद्यानं लागतेच, पण तो माणूस मिस्टरच असला पाहिजे असं कुठं लिहिलेलं नाही. ड्रायव्हिंग स्कूलवाला पैसे घेतो म्हणून तरी ओरडत नाही. लर्निंगला ३० दिवस झाले की पक्क्याची टेस्ट देता येते अन् लर्निंग ६ महिने चालते, घाई करू नका.

प्रश्न : भाऊ, परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाताना धामणगाव गढीच्या पुढं चढावर गाडी थांबवली की सुटताना मागं जाते. मागं कोणी असलं की घाम फुटते. काय करावं?

उत्तर : हँडब्रेक राजेहो. तो काय फक्त घरासमोर उभी करायला दिला नाही. थांबल्यावर हँडब्रेक ओढा, पहिला गिअर, थोडी रेस, क्लच त्या थरथरीच्या जागेपर्यंत आणा. गाडीचं नाक थोडं वर उठल्यासारखं वाटलं की हँडब्रेक सोडा, एक बोटभरही मागं जाणार नाही. क्लच अर्धा धरून चढावर उभं राहायची सवय मात्र सोडा, प्लेटचा जळका वास येते तो त्याचाच. अन् उतरताना न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे महाभाग आहेत त्यांच्या नादी लागू नका, ब्रेक तापून कामातून जातात. ज्या गिअरमध्ये चढले त्याच्यातच उतरा. अरुंद जागी चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असते, हे आपल्याकडं कोणी पाळत नाही, तुम्ही पाळा.

प्रश्न : सोयाबीनच्या टायमाला लोकं रस्त्यावरच माल पसरवतात. त्याच्यावरून गाडी न्यावी का? अन् आता पेट्रोल ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) आहे, जुन्या गाडीला चालते का?

उत्तर : शेंगांवर ब्रेक मारला तर गाडी घसरते म्हणून आधीच हळू करून दुसऱ्या गिअरमध्ये, स्टिअरिंग सरळ ठेवून पार व्हा. जाडसर कुटार (वाळल्या काड्या-टरफलांचा भुसा) पसरलेलं असेल तर बाजूनं वाट काढा नाहीतर कास्तकाराला सांगून थोडं सारून घ्या, तो काही नाही म्हणत नाही. वाळलं कुटार खाली गरम सायलेन्सरला अडकलं तर पेट घेते. त्याच्यावर गाडी उभी तर करूच नका, अन् पार झाल्यावर पुढं थांबून खाली वाकून एकदा पहा. पेट्रोलचं म्हणाल तर जुन्या गाडीचे रबरी पाइप अन् गॅस्केट ई-२० साठी बनलेले नाहीत, गाडी चालते पण रबर लवकर खराब होऊ शकते, म्हणून सर्व्हिसिंगला पेट्रोलचे पाइप नवे टाकायला सांगा अन् बोनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर चावी न फिरवता मेकॅनिकला घरी बोलवा.