आपला असू दे, आलाय का?

प्रिय मुली,

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचा अंदाज बांधणारी तुझी शीट काल दोनदा उघडून बघितली. पेनसिल्व्हेनियाच्या रकान्यात मतदानाची टक्केवारी जरा हलवली की थेट राष्ट्राध्यक्ष बदलतो, म्हणून तू घाबरलीस. ‘काका, मॉडेल चुकलंय का?’ नाही. ते राज्यच तसं आहे. २०१६ मध्ये तिथला निकाल ४४,२९२ मतांनी लागला, विस्कॉन्सिनचा २२,७४८ नी आणि मिशिगनचा १०,७०४ नी. तिथे राष्ट्राध्यक्ष राज्याराज्यांच्या निकालांवर ठरतो, म्हणून देशभरात २८ लाखांवर मतं जास्त मिळूनही डेमोक्रॅट पक्षाच्या हिलरी क्लिंटनबाई या पाऊण लाखाच्या हिशेबात ट्रम्प यांच्याकडून हरल्या.

तुझी चूक वेगळीच आहे. पक्षनिष्ठेला, म्हणजे आपल्याच पक्षाला मत देणाऱ्यांना, तू डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन दोन्हीकडे ९४ टक्के टाकलेस. २०२० च्या एक्झिट पोलमधून घेतलेस ना? पण ते ९४ टक्के मत दिलेल्यांचे आहेत! घरी बसलेला त्या पोलवाल्याला भेटणार कुठे? आणि तू तो आकडा सरळ नोंदणीच्या यादीला (मतदार यादी, जिच्यात तिथे नावापुढे पक्षही असतो) लावून मोकळी झालीस. अगं, आधी येणार कोण ते ठरव. कोणाला देणार ते मग.

रागावून लिहितोय, कारण हीच चूक मी पायांनी केली आहे. २०१६ च्या ऑक्टोबरात दर शनिवारी न्यू जर्सीहून पेनसिल्व्हेनियातल्या विल्क्स-बॅरीला डेमोक्रॅटांच्या प्रचारासाठी दारं वाजवायला जायचो. लुझर्न काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी), जुना कोळशाचा मुलूख, यादीत डेमोक्रॅटच जास्त. एका दारात एक आजोबा, पायात नुसते मोजे, हातात कॉफीचा मग. म्हणाले, ‘आमचं घर रूझवेल्टपासून डेमोक्रॅट.’ मी खूश! कागदावर १ ला गोल केला (१ म्हणजे पक्का आपला) आणि पुढच्या दाराकडे वळलो. मंगळवारी मतदानाला जाणार का, हे विचारलंच नाही. बोलताना ते जाळीच्या दाराची कडी खालीवर करत होते, माझ्याकडे बघत नव्हते. २०१२ ला ओबामांची असलेली ती काउंटी ट्रम्प यांनी जवळजवळ २० टक्क्यांच्या फरकाने नेली. आजोबांनी ट्रम्प यांना मत दिलं की ते घरी बसले, मला आजही माहीत नाही. आणि त्या यादीत रिपब्लिकन पुढे गेले कधी? २०२४ च्या सप्टेंबरात! तू जिला निष्ठा म्हणतेस ती यादी आठ वर्षं मागे होती. मिशिगन आणि विस्कॉन्सिनच्या यादीत तर पक्ष लिहीतच नाहीत. तिथे तू काय भरलंस ते बघायचं मी टाळलं.

लाज याची वाटते की मला हे येत होतं. कॉलेजात असताना सांगलीत बूथबाहेरच्या टेबलावर बसायचो. येईल त्याच्या नावावर काट मारायची आणि दुपारी तीननंतर उरलेल्यांच्या घरी सायकल पिटाळायची. ‘तो आपलाच आहे हो’ असं कोणी म्हटलं की आमचे दादा खेकसायचे, ‘आपला असू दे, आलाय का?’ एवढं साधं वाक्य मी पीएचडी करून विसरलो.

तू म्हणशील, घरी बसलेल्याने फरक एका मताचा पडतो, दुसऱ्या पक्षाकडे फिरलेल्याने दोनाचा. खरं आहे, शीटमध्ये घाल. पण फिरलेला निदान सर्व्हेत सापडू शकतो. न येणारा फोन उचलत नाही, आणि उचललाच तर ‘जाणार की’ म्हणतो. यादीत मत कोणाला दिलं ते नसतं, पण मागच्या निवडणुकांना आला होता का, ते असतं. तिथून सुरुवात कर. आणि ‘मतदान वाढलं की डेमोक्रॅट जिंकतात’ ही टीप खोडून टाक. २०२० ला शतकभरातलं सर्वाधिक मतदान झालं, त्यात ट्रम्प यांची स्वतःची मतं एक कोटीवर वाढली.

मित्र मला अजून २०१६ वरून चिडवतात. मी एकटाच तोंडावर आपटलो नव्हतो. राज्याराज्यांतल्या कित्येक सर्व्हेंनी शिक्षणाचा हिशेब नीट धरला नव्हता आणि कमी शिकलेले गोरे मतदार त्यांत कमी मोजले गेले. हे मी सगळ्यांना ऐकवतो. पण सर्व्हेवाले त्या दारात उभे नव्हते, मी होतो.

रविवारपर्यंत नवी शीट पाठव. ९४ तिथेच असेल तर उघडणार नाही. काकू विचारतेय, दिवाळीला येणार का? नुसतं ‘हो’ कळवू नकोस, तिकीट काढलंस की सांग.

तुझा,
काका