वाचकांचे प्रश्न : सामुदायिक पापकबुलीची सभा

प्रश्न : उपासाच्या दिवशी बायबलमधील नहेम्याच्या पुस्तकाच्या ९ व्या अध्यायावरून मंडळीत पापकबुलीची सभा घ्यायची आहे. हाताशी दोन तास आहेत. मागच्या वेळी थोड्याच वेळात सगळे गप्प झाले. वेळ कसा वाटावा?

उत्तर : सभा थेट कबुलीने सुरू केली की असेच होते, बोलायला काही साठलेलेच नसते. नहेम्या ९:३ पाहा. लोकांनी दिवसाचा एक चतुर्थांश नियमशास्त्र ऐकले आणि पुढचा चतुर्थांश पापे कबूल करण्यात व देवाच्या भजनात घालवला. म्हणजे साधारण तीन तास वाचन, तीन तास प्रार्थना. हेच प्रमाण धरून तासभर वाचन ठेवा : निर्गम ३२ ते ३४, गणना १३ व १४, स्तोत्र १०६ आणि शेवटी नहेम्या ९. मध्ये प्रवचन नको. वाचणाऱ्यांनी आधी घरी मोठ्याने वाचून यावे. अडखळत वाचले की ऐकणाऱ्यांचे लक्ष उडते.

आता प्रार्थनेची बांधणी. वचन ५ पासून १५ पर्यंत लोकांच्या पापाबद्दल चकार शब्द नाही. उत्पत्ती, अब्राम, मिसरातून सुटका, वाट दाखवणारा मेघस्तंभ, सीनाय पर्वतावरचे नियम, मान्ना (आकाशातून मिळालेले अन्न), खडकातले पाणी : सगळे देवाने केलेले. १६ व्या वचनात ‘पण’ येतो, आणि त्यालाच लागून १७ व्यात देव क्षमा करणारा आहे हे. लोकांनी पूजेसाठी सोन्याचे वासरू केले, तरी मेघस्तंभ हलला नाही, मान्ना थांबला नाही. रानातल्या ४० वर्षांत कपडे जीर्ण झाले नाहीत की पाय सुजले नाहीत. तुमच्या मंडळीची प्रार्थनाही अशीच बांधा. कोणत्या अडचणीतून देवाने काढले ते आधी नेमके सांगा, मग आपण काय केले, मग तरीही काय टिकून राहिले. ‘कळत-नकळत काही चुकले असेल तर’ हे वाक्य सरळ काढून टाका. त्यात काहीच कबूल होत नाही.

एवढ्या लांब प्रार्थनेत मागणी एकच आहे, ३२ व्या वचनात : आमचे क्लेश तुला थोडे वाटू नयेत. आजारी, नोकरी, परीक्षा यांची यादी त्या दिवशी बाजूला ठेवा.

सगळे पाळकांवर टाकू नका. नहेम्या ९ मध्ये पायऱ्यांवर बरेच लेवी (मंदिराची सेवा करणारे) उभे होते. चार जणांत भाग वाटून द्या आणि प्रत्येक भागानंतर दोन मिनिटे शांतता ठेवा. रडू आले पाहिजे असा आग्रह नको. त्याच महिन्याच्या १ तारखेला लोक रडू लागले तेव्हा लेव्यांनीच त्यांना शांत केले होते. कबुलीची सभा झाली २४ तारखेला, मंडपांचा सण आटोपल्यावर.

प्रश्न : यहेज्केल १८:२० प्रमाणे मुलगा बापाच्या पापाचा भार वाहत नाही. मग पूर्वजांची पापे आपण का कबूल करायची?

उत्तर : भार वाहण्यासाठी नव्हे, आणि मृतांना क्षमा मिळवून देण्यासाठी तर नव्हेच. बापदादांची हकिगत बराच वेळ ‘ते’ म्हणून चालते आणि ३३ व्या वचनात ‘आम्ही’ येतो : तू न्यायाने वागलास, आम्ही दुष्टाईने. तीच खोड आपल्यातही दिसते, म्हणून ती हकिगत सांगायची. जे पाप आज तुमच्यात दिसत नाही ते उगाच उकरू नका. आजोबांची पापे कबूल करणे फारच सोपे असते.

प्रश्न : सभेत एकाने दुसऱ्याचे पाप प्रार्थनेतून उघड केले. काय करावे?

उत्तर : चालवणाऱ्याने तिथेच थांबवून स्तोत्र सुरू करावे आणि नंतर दोघांनाही वेगवेगळे भेटावे. मत्तय १८:१५ नुसार दोष आधी एकांतात दाखवायचा असतो. सभेच्या सुरुवातीलाच सांगून ठेवा : सर्वांना ठाऊक असलेले, सर्वांचे पाप ‘आम्ही’ म्हणून, खाजगी पाप ज्याचा अपराध केला त्याच्यापाशी किंवा पाळकांपाशी. लहान मुले बसलेली असतात हेही ध्यानात असू द्या.

प्रश्न : सभेनंतर काही करायचे असते का?

उत्तर : हो, लिहायचे असते. १० व्या अध्यायात लेखी करार होऊन त्यावर शिक्के पडले, तेही बारकाव्यांसह : शब्बाथाला खरेदी नाही, मंदिराच्या सेवेसाठी वर्षाला एक तृतीयांश शेकेल (चांदीचे वजन), लाकडे कोणी कधी आणायची याच्या चिठ्ठ्या. तरी १३ व्या अध्यायात यरुशलेमचा सुभेदार नहेम्या परत येतो तेव्हा लेव्यांचे वाटे थकलेले, ते आपापल्या शेतावर गेलेले, शब्बाथाला बाजार चालू. म्हणून दोन-तीनच गोष्टी ठरवा, प्रत्येकीपुढे जबाबदार माणसाचे नाव लिहा आणि तीन महिन्यांनी आढावा घ्यायची तारीख त्याच दिवशी वहीत नोंदवा.