जायंट व्हीलची पांढरी थाळी का होते?

प्रश्न: आमच्याकडे फेस्ताला (चर्चच्या जत्रेला) किनाऱ्याजवळच्या मैदानात जायंट व्हील, झुलणारं जहाज वगैरे लागतं. लाँग एक्सपोजर (शटर बराच वेळ उघडं ठेवून फोटो) करायचं म्हणून ट्रायपॉड लावून ३० सेकंद दिले. चाक म्हणजे नुसती पांढरी थाळी झाली आणि मागे समुद्र-आकाश सगळं काळंकुट्ट. कॅमेरा साधा डीएसएलआर आहे. चुकतंय कुठे? (एक वाचक, सासष्टी, गोवा)

उत्तर: दोन्हीकडे चुकतंय, तुम्ही उशिरा गेलात आणि शटर फार वेळ उघडं ठेवलंत. परदेशी व्हिडिओ बघून लोक निवांत असतात, पण तिकडचा संधिप्रकाश वेगळा, लंडनला जूनमध्ये तो पाऊण तास टिकतो. आपल्याकडे सूर्य जवळजवळ उभाच खाली जातो, त्यामुळे सूर्यास्तानंतर वीस-बावीस मिनिटांत खेळ खलास. ऑक्टोबरात सूर्य सव्वासहाच्या आसपास बुडतो, म्हणजे साडेसहाला सगळं सेट करून फ्रेम लावून तयार पाहिजे, तेव्हा भजी खात बसायचं नाही. आणि आपला किनारा पश्चिमेचा, तेव्हा चाकाच्या पूर्वेला उभे रहा, म्हणजे मागे उजेड राहील.

आता वेळ किती द्यायचा. ३० सेकंद हा आकडा डोक्यातून काढा. आधी नुसतं बघा, एक फेरी किती सेकंदांत होतेय, आणि पाळणे किती आहेत. समजा १२ पाळणे आणि फेरी १५ सेकंदांची, तर सव्वा सेकंदात प्रत्येक दिवा पुढच्याच्या जागी पोचतो आणि कडेचं वर्तुळ पूर्ण होतं. म्हणजे दोन ते चार सेकंद भरपूर. त्याच्या पुढे दिव्यांवर दिवे चढत जातात आणि मग तुमची ती थाळी. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) १०० आणि अ‍ॅपर्चर (लेन्सचं उजेड आत सोडणारं भोक) एफ ११ ठेवून सुरुवातीला एक-दोन सेकंद, अंधारत जाईल तसे तीन, मग चार, असं स्क्रीनवर बघत बघत वाढवा. दिवे जळतायत असं वाटलं तर अ‍ॅपर्चर अजून बंद करा, म्हणजे एफचा आकडा वाढवा, आकाश नंतर रॉ फाइलमधून (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमधून) थोडं उचलता येतं, जळलेला दिवा परत येत नाही.

चाक भरताना मात्र थांबा! एकेक पाळणा खाली आणून माणसं बसवतात ना, तेव्हा ते थांबत थांबत फिरतं आणि फोटोत डाग डाग येतात. भरून झाल्यावर फुल स्पीड धरलं की क्लिक.

जहाज मला चाकापेक्षा जास्त आवडतं. दोन्ही टोकांना ते क्षणभर थबकतं म्हणून तिथे दिवे ठळक येतात, मधे वेगात जातं तिथे फिकट, एका पूर्ण झोक्याएवढा वेळ द्या. आणि रेषा सलग न येता ठिपक्याठिपक्यांची आली तर कॅमेरा रिपेअरला नेऊ नका, स्वस्त एलईडी माळा सेकंदाला ५० किंवा १०० वेळा विझून पेटतात, डोळ्याला कळत नाही, फिरत्या दिव्यात दिसतं. मला तर ते ठिपके छानच वाटतात.

कॅमेऱ्यातलं लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन (फोटोतले रवाळ ठिपके घालवणारी सोय) बंद ठेवा, नाहीतर चार सेकंदांच्या फोटोनंतर तो अजून चार सेकंद गप्प बसतो, आणि इथे एकेक मिनिट महाग आहे. ट्रायपॉडवर लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो सावरणारी सोय) पण बंद, क्लिकला दोन सेकंदांचा टायमर. ओल्या वाळूत पाय दाबून रोवा, आणि लाट येते तिथे लावूच नका, पाणी मागे जाताना पायाखालची वाळू घेऊन जातं. खाऱ्या हवेने लेन्सवर धुरकट थर बसतो, मग प्रत्येक दिव्याभोवती तेजोवलय येतं, म्हणून मधेमधे पुसत रहा.

प्रश्न: मोबाईलवर जमेल का? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर: जमेल, पण हातात धरून नाही, पाण्याच्या बाटलीला टेकवा हवं तर. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये लाइट ट्रेल (फिरत्या दिव्यांच्या रेषा टिपणारा) किंवा प्रो मोड (शटर वगैरे स्वतः ठरवता येणारा) असतो, त्यात शटर दोन-चार सेकंदांवर ठेवा. आयफोनवर लाइव्ह फोटो (क्लिकच्या आगेमागची हालचालही टिपणारा) काढून नंतर त्यात लाँग एक्सपोजर निवडता येतं, फक्त लाइव्ह फोटो तीनच सेकंदांचा असतो, त्यामुळे चाक हळू आणि दिवे विरळ असतील तर वर्तुळ तुटक येणार. भरगच्च दिव्यांचं चाक बघा.