शी जिनपिंग: राष्ट्राध्यक्ष की सरचिटणीस?

प्रश्न असा आला आहे: चीनच्या शी जिनपिंग यांना बातम्यांत कुणी 'राष्ट्रपती' म्हणतं, कुणी 'राष्ट्राध्यक्ष', कुणी नुसतं 'अध्यक्ष'. मराठीत नेमकं काय म्हणावं?

'राष्ट्रपती' तर नकोच. मराठीत भारताचे ते राष्ट्रपती आणि इतर देशांचे ते राष्ट्राध्यक्ष, हा संकेत चांगला रुळलेला आहे. हिंदीत सगळेच राष्ट्रपती असतात. हिंदी वाहिन्यांची बातमीपट्टी समोर ठेवून घाईघाईने मराठी बातमीपट्टी चालवणाऱ्यांनी हा घोळ घातला आहे. रोज संध्याकाळी तो कानांवर आदळतो आणि कुणाला काही वाटतही नाही.

'राष्ट्राध्यक्ष' शब्द चूक नाही. चूक होते ती त्याच्यामागे लावलेल्या क्रियापदाची. 'चीनच्या राष्ट्राध्यक्षांनी लष्कराला सज्ज राहण्याचे आदेश दिले' हे वाक्य घ्या. चीनच्या १९८२ च्या राज्यघटनेत राष्ट्राध्यक्षाकडे कायदे जारी करणं, परदेशी राजदूतांचं स्वागत करणं अशी मानाची कामं आहेत. लष्कराची सूत्रं केंद्रीय लष्करी आयोगाकडे आहेत. शी यांच्याकडे ती नोव्हेंबर २०१२ मध्येच आली, सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाचं सरचिटणीसपद मिळालं त्याच दिवशी. राष्ट्राध्यक्ष ते चार महिन्यांनी झाले, १४ मार्च २०१३ ला. म्हणजे खरी सत्ता आधी आली, मानाची पगडी नंतर.

ज्यांना हा फरक किरकोळ वाटतो त्यांनी जून १९८९ आठवावा. बीजिंगच्या तिआनआनमेन चौकातल्या निदर्शकांकडे रणगाडे निघाले तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते यांग शांगखुन आणि कागदोपत्री सरचिटणीस होते झाओ झियांग, ज्यांचा लष्करी कारवाईला विरोध होता. शब्द चालला तो डेंग शियाओपिंग यांचा, आणि डेंग कधीच राष्ट्राध्यक्ष नव्हते. ते लष्करी आयोगाचे अध्यक्ष होते. तिन्ही पदं एकाच माणसाकडे ठेवण्याची रीत त्यानंतर जियांग झेमिन यांच्या काळात पक्की झाली. मार्च २०१८ मध्ये 'शी आता तहहयात' असे मथळे झळकले, तेव्हाही घटनेतून निघाली ती फक्त राष्ट्राध्यक्षपदाची दोन कार्यकाळांची मर्यादा. बाकीच्या दोन पदांना घटनेत अशी मर्यादा नव्हतीच.

तेव्हा माझं उत्तर असं: परदेश दौरा, शिखर परिषद, मामल्लपुरमची भेट असेल तर राष्ट्राध्यक्ष. पक्ष, धोरण, कुणाची हकालपट्टी असेल तर सरचिटणीस. सैन्याची गोष्ट असेल तर लष्करी आयोगाचे अध्यक्ष.

आता सरचिटणीस या शब्दाकडे वळतो, कारण खरी गंमत तिथे आहे.

चिनी भाषेत या पदाला 'त्सुंग शूजी' म्हणतात. 'त्सुंग' म्हणजे मुख्य. 'शू' म्हणजे लिहिणं, 'जी' म्हणजे नोंदणं. 'शूजी' हा मुळात कचेरीतला लेखनिक, कागद करणारा माणूस. आणि आपला सरचिटणीस? 'सर' म्हणजे मुख्य, 'चिटणीस' म्हणजे चिठ्ठीनवीस, चिठ्ठ्या लिहिणारा. फारसीत 'नवीस' म्हणजे लिहिणारा. दोन्ही शब्द सांध्याला सांधा जुळतात! जगातल्या सर्वांत मोठ्या सैन्याचा धनी शब्दार्थाने मुख्य लेखनिक आहे, आणि हे इतकं नेमकं सांगणारा शब्द मराठीकडे शिवकाळापासून तयार आहे. बाळाजी आवजी चिटणीस अष्टप्रधानांत नव्हते, पण महाराजांची पत्रं त्यांच्या हातून जात. कागद ज्याच्या हातातून जातो त्याच्याकडे सत्ता कशी सरकते, हे रशियातही दिसलं. एप्रिल १९२२ मध्ये स्टालिन सरचिटणीस झाला तेव्हा ते पद कारकुनी मानलं जात होतं. नेमणुकांचे कागद त्याच्या टेबलावरून जाऊ लागले आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

'नवीस'चं कुटुंब मराठीत मोठं आहे: पारसनीस, वाकनीस, पोतनीस, फडणीस, चिटणीस. 'नवीस' झिजून 'नीस' झालं. विदर्भात चिटणवीस, फडणवीस ही न झिजलेली रूपं अजून नांदतात. आता नीट बघा: पारसनीस, वाकनीस, पोतनीस यांत 'न' आहे; चिटणीस, फडणीस यांत 'ण'. का? कारण आधी ट किंवा ड आला की जीभ टाळूकडे वळलेलीच असते, आणि पुढच्या 'न'लाही ती तिथेच उच्चारते. स, क, त यांच्यानंतर 'न' जागचा हलत नाही. 'चिटनीस' असं लिहिणाऱ्यांनी एकदा मोठ्याने म्हणून पाहावं.

आणि याच नियमाने मला एक आडनाव सापडतं, ज्याच्यासाठी खरं तर मी हे सगळं लिहितो आहे: कोटणीस. माझ्या मते हा कोटनवीस, कोटाचा म्हणजे किल्ल्याचा लेखनिक. ट आहे, म्हणून ण आहे. आडनाव दिसलं की नकाशात गाव शोधायला धावणाऱ्यांना हे पटत नाही. पण गावावरून आडनाव होताना मराठी सहसा 'कर' लावते, 'णीस' लावत नाही. त्यांनी या 'णीस'चा दुसरा उगम दाखवावा, मग बोलू.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या, चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेच्या जखमींवर त्यांनी शस्त्रक्रिया केल्या, बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते पहिले संचालक झाले, चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासदही झाले आणि ९ डिसेंबर १९४२ ला वयाच्या ३२ व्या वर्षी तिथेच वारले. चीनमध्ये ते 'क दिहुआ' या नावाने ओळखले जातात. ज्या पक्षाचा प्रमुख 'शूजी', त्या पक्षाच्या सैन्याची सेवा करायला आपल्याकडून गेला तो एक 'नवीस'. मला हा योग विलक्षण वाटतो.

काही शुद्धिवादी मंडळी म्हणतात, सरचिटणीस हा फारसी भेसळीचा शब्द आहे, 'महासचिव' लिहा. त्यांना इतिहास ठाऊक नाही. राज्याभिषेकाच्या वेळी पदांना संस्कृत नावं दिली गेली तेव्हा सुरनीसाचा सचिव झाला. म्हणजे तुमचा 'सचिव'ही मराठी कारभारात एका 'नीसा'च्याच खुर्चीवर बसला आहे. शिवाय 'महासचिव' आपल्याकडे आला तो हिंदीतून, छत्रपतींच्या दरबारातून नव्हे. मराठी पत्रांनी सीताराम येचुरींना कायम माकपचे सरचिटणीसच म्हटलं. मग बीजिंगमधल्या त्याच पदाला वेगळा शब्द का?

'अध्यक्ष' राहिला. चिनी भाषेत राष्ट्राध्यक्षपदाला 'जूशी' म्हणतात, आणि 'माओ जूशी'मधला 'जूशी'ही तोच. 'शी' म्हणजे चटई. प्राचीन चीनमध्ये बैठक चटईवर असे, तिथल्या मुख्य चटईचा मान तो जूशी. (शी जिनपिंग यांच्या आडनावाशी हिचा संबंध नाही, उच्चार तोच, अक्षर वेगळं.) अमेरिकेच्या, फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांना किंवा आपल्या राष्ट्रपतींना चिनी लोक जूशी म्हणत नाहीत, त्यांच्यासाठी 'त्सुंगथुंग' हा वेगळा शब्द आहे. स्वतःच्या आणि परक्यांच्या प्रमुखाला वेगळं नाव देण्याची जी शिस्त मराठीत आहे, तीच तिथे थोड्या निराळ्या रूपात दिसते. ती शिस्त आपण हिंदीच्या नादाने सोडू नये.

जाता जाता, 'चीनचे संरक्षणमंत्री' याबद्दलही कुणीतरी विचारायला हवं होतं. शब्द बरोबर आहे, पण त्यांना आपल्या संरक्षणमंत्र्यांच्या तोलाचं समजू नका. डिसेंबर २०२३ मध्ये तोंग जुन मंत्री झाले तेव्हा त्यांना लष्करी आयोगात जागासुद्धा मिळाली नाही.