"तूच नेलं होतंस ना त्याला?"

"मॅडम, लस घेऊन बसलोय आपण सगळे. आता पुढे काय?" 2024च्या मे महिन्यात हा प्रश्न माझ्याकडे, म्हणजे एका समुपदेशकाकडे, रोज येत होता. कुणाची झोप उडाली होती, कुणी तरण्याताठ्या मुलाला व्यायामशाळेत जाऊ देत नव्हतं. एप्रिलच्या शेवटी बातमी आली होती. पुण्यात तयार झालेली कोव्हिशील्ड ज्या कंपनीच्या मूळ लसीवर आधारलेली, त्या अ‍ॅस्ट्राझेनेकानं ब्रिटनमधल्या कोर्टात मान्य केलं होतं की ही लस क्वचित कुणाला रक्तात गुठळ्या होऊन प्लेटलेट्स घटण्याचा विकार देऊ शकते. मोबाइलवर फिरता फिरता त्याचं "लसीमुळे हार्ट अटॅक, कंपनीची कबुली" झालं.

ही भीती ज्यांच्याकडून मला नीट समजली, त्यांची हकीकत त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांना नुसतं थोरले म्हणते.

थोरल्यांना त्यांच्या पत्नी घेऊन आल्या. "हे रात्रभर फोन घेऊन बसतात. लस, लस आणि लस. विचारलं तर अंगावर येतात." वय अडतीस. धाकटा भाऊ तेहतिसाव्या वर्षी, रविवारी सकाळी टेनिस बॉल क्रिकेट खेळताना मैदानातच कोसळला होता. आजार माहीत नाही, शवविच्छेदन झालेलं नाही.

पहिल्या भेटीत माझी चूक झाली. ती सांगायलाच हवी. बातमी कशी अर्धवट आहे, आकडे काय सांगतात, हे मी त्यांना भराभर सांगत सुटले. ते मान हलवत राहिले. जाताना दारात थांबून म्हणाले, "आकडे बरोबर असतील हो मॅडम. पण त्याला लसीला मी नेलं होतं."

तेव्हा कुठे मला कळलं की पुढच्या भेटीत तोंड बंद ठेवून ऐकायचं आहे.

धाकटा लस घ्यायला तयार नव्हता. "मला काय धाड भरलीय?" म्हणायचा. 2021च्या ऑगस्टमध्ये थोरल्यांनी त्याला जवळजवळ ओढत गाडीवर बसवून केंद्रावर नेलं. पुढे तो गेला आणि तेराव्याला जेवणाच्या पंगतीत एक काका सहज बोलून गेले, "लसीला तूच नेलं होतंस ना त्याला?" त्यांच्या मनात काही नसेलही. पण थोरल्यांच्या घशाखाली तो घास उतरला नाही, आणि हे वाक्य त्यांनी सव्वा वर्ष कुणाजवळही काढलं नाही. मग ती बातमी आली, आणि काकांच्या म्हणण्यावर कोर्टाचा शिक्का बसल्यासारखं त्यांना झालं.

ते बोलले, रडले. मग मी विचारलं, "आता आपण दोघं मिळून बघू या का?" या खेपेला ते हो म्हणाले.

कोविनवरची धाकट्याची प्रमाणपत्रं अजून त्यांच्या मोबाइलमध्ये होती. भिंतीवरची दिनदर्शिका काढून आम्ही दिवस मोजले. दुसऱ्या डोसपासून मृत्यूपर्यंत 428 दिवस झाले होते. कोर्टात मान्य झालेला तो गुठळ्यांचा विकार बहुतेक वेळा पहिल्या डोसनंतर तीन-चार आठवड्यांत दिसतो, आणि तो मैदानात धावता धावता क्षणात कोसळणं असा नसतो. असह्य डोकेदुखी, पोटात दुखणं, पाय सुजणं, धाप लागणं अशा तक्रारींनी तो पुढे येतो. ही गोष्ट नवीही नव्हती. युरोपच्या औषध नियामकानं एप्रिल 2021मध्येच हा दुष्परिणाम लसीच्या माहितीत घातला होता. ब्रिटनमध्ये त्याचं प्रमाण लाखात एक-दोन असं निघालं; भारतात नोंद त्याहून बरीच कमी झाली. थोरल्यांना क्रिकेटचं वेड, म्हणून मी वानखेडेचं उदाहरण घेतलं. साधारण 33 हजार माणसं मावणारं ते मैदान तीनदा भरलं, तर त्या सगळ्या गर्दीत एक किंवा दोन माणसं. त्या माणसांच्या घरी दुःख पूर्ण होतं, हेही मी म्हणाले. कमी म्हणजे शून्य नव्हे.

"पण जे जे असे गेले, त्या सगळ्यांनी लस घेतली होती," ते म्हणाले. हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण शंका रास्त आहे. पण त्यांच्या गल्लीत जे जिवंत आहेत त्यांनीही लस घेतली आहेच. नुसत्या गेलेल्यांकडे बघून काही कळत नाही. म्हणून भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं, म्हणजे आयसीएमआरनं, दोन्ही बाजू पाहिल्या. देशातल्या 47 रुग्णालयांतून 18 ते 45 वयाचे, वरवर धडधाकट असूनही अचानक गेलेले 729 जण घेतले. प्रत्येकामागे त्याच वयाचे, त्याच परिसरातले चार जिवंत, असे 2916. दोन्हीकडे सारखेच प्रश्न विचारले. लसीमुळे धोका वाढत असता, तर गेलेल्यांमध्ये लस घेतलेले जास्त निघायला हवे होते. निघाले नाहीत; दोन डोस घेतलेल्यांत उलट असे मृत्यू कमी दिसले. 2023मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला, तरी आमच्या गावात कुणाला त्याचा पत्ता नव्हता. याचं मला अजून वाईट वाटतं.

लसीनं वाचवलं असतं, असं मी त्यांना म्हटलं नाही. गेलेल्यांची माहिती नातेवाइकांकडून घेतलेली असते, आणि असा अभ्यास एकेका माणसाचा दाखला देत नसतो. "त्याला नेमकं काय झालं हे आपल्याला कधीच कळणार नाही," एवढं मात्र मला स्पष्ट सांगावं लागलं. तेव्हा ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले.

पुढच्या आठवड्यात नवीनच धास्ती घेऊन आले. त्याच अभ्यासात धोका कशानं वाढतो तेही होतं: कोरोनानं रुग्णालयात दाखल होणं, मृत्यूआधीच्या 48 तासांत भरमसाट दारू किंवा अतिश्रम, आणि घरात आधी कुणी अचानक गेलेलं असणं. हे शेवटचं साधारण अडीच पट. "म्हणजे माझं मरण अडीच पट?" पुन्हा तेच. "पट" वाचलं की आधी विचारायचं, कितीच्या पट? या वयात अशी मरणं मुळात विरळा. विरळ्याच्या अडीच पट म्हणजेही थोडंच. पण दुर्लक्ष करण्याजोगं नाही, म्हणून मी विचारलं, "घरात अजून कुणी?"

"वडील. चव्वेचाळिसाव्या वर्षी, झोपेत." त्यांचे डोळे एकदम माझ्याकडे वळले. दोन्ही मरणं त्यांनी कधी शेजारी शेजारी ठेवून पाहिलीच नव्हती.

इथे माझं काम थांबतं. मी डॉक्टर नाही. हृदयाचे स्नायू जाड होण्याचा किंवा ठोक्यांची लय बिघडण्याचा दोष काही घराण्यांत वाडवडिलांकडून येतो, आणि अशा घरातल्या रक्ताच्या नात्यांची ईसीजी, टू-डी इको करून घ्यावी असं हृदयरोगतज्ज्ञ सांगतात. मी त्यांना तिकडे पाठवलं. थोरल्यांच्या तपासण्या नीट आल्या. डॉक्टरांनी धाकट्याच्या नऊ वर्षांच्या मुलालाही आणायला सांगितलं.

हे ऐकून ते गप्प झाले. मुलाला कोण नेणार, यावर घरात दोन दिवस कुणी बोललं नाही. धाकट्याच्या पत्नीचा भाऊ न्यायला तयार होता. तिसऱ्या दिवशी थोरल्यांच्या पत्नीचा मला फोन आला. सकाळी चहाच्या वेळी ते उठले, गाडीची किल्ली घेतली आणि धाकट्याच्या पत्नीला म्हणाले, "त्याला मीच नेतो."