दर वर्षी शुगर थोडी वाढतेय, म्हणजे डायबेटिस होणारच का?

"मॅडम, दोन वर्षांत मला होणारच ना?" खुर्चीत टेकण्याआधीच त्यांनी कागद पुढे केला. वय 41, गावातल्या शाळेत शिक्षिका. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) कागदावर उपाशीपोटीच्या शुगरचे चार वर्षांचे लॅबचे आकडे होते : 94, 99, 105, 111.

त्यांची आई शेवटची दोन वर्षं डायलिसिसवर होती. ते सगळं यांनीच केलेलं. आई गेल्यावर घरात ग्लुकोमीटर आला आणि दिवसातून पाच वेळा बोट टोचणं सुरू झालं. एका सकाळी 118 आले, तर भाच्याच्या साखरपुड्याला गेल्या नाहीत. रात्रीची भाकरी बंद केली होती, मग दोन वाजता भुकेनं जाग यायची.

मी आधी मीटरबद्दल बोलले. झोप नीट झाली नाही, जेवायला उशीर झाला, मनावर ताण असला की सकाळचा आकडा हलतो. शिवाय घरचं यंत्र लॅबपेक्षा 15 टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे दाखवू शकतं. त्यामुळे 108 आणि 118 यांत काहीच फरक नसेल, असंही होतं. पण लॅबचे चार आकडे ओळीनं वर चाललेत, ते मी झाकलं नाही. 100 ते 125 ही डायबेटिसच्या आधीची पायरी; 126 किंवा वर, तेही पुन्हा तपासून, म्हणजे डायबेटिस. खोटा धीर दिला तर माणूस पुढच्या रिपोर्टला एकटा पडतो, असं मला वाटतं.

पुढच्या भेटीला जुन्या फायली आणायला सांगितल्या. त्यांत नऊ वर्षांपूर्वीची बाळंतपणाची फाईल निघाली. 75 ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी 162, म्हणजे गरोदरपणात शुगर वाढलेली होती.

"ती तर बाळंतपणानंतर गेली होती."

गेली होती, खरंच. गरोदरपणात वारेतल्या हार्मोन्समुळे इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो, स्वादुपिंडाला जादा काम करावं लागतं. ज्यांना ते पेलत नाही त्यांची शुगर वाढते. वार पडली की भार उतरतो. पण आपली ताकद कुठे कमी पडते हे तेव्हाच कळलेलं असतं. अशा बायकांना पुढे डायबेटिस होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी पट जास्त असतो, आणि बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी व पुढेही नियमित तपासणी लागते. हे त्यांना कोणीच सांगितलं नव्हतं. याचा मला फार राग येतो.

मग "होणारच का?" चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी अशाच मधल्या पायरीवरच्या लोकांचा अभ्यास केला, तो 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत, नेहमीसारखं राहणाऱ्या 100 जणांपैकी 55 जणांना डायबेटिस झाला. आहार आणि चालणं सांभाळणाऱ्यांत 39 जणांना. दोन्ही आकडे मी सांगितले.

त्या बराच वेळ गप्प होत्या. "म्हणजे काही न करता 45 जण वाचले, आणि चालून 61?"

त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी आकडा असा मोजला. डॉक्टरांशी बोलून मीटर कपाटात गेला, दर सहा महिन्यांनी लॅब ठरली. रात्री आठला एक भाकरी आणि उसळ परत आली, त्यानंतर मिस्टरांबरोबर अर्धा तास चालणं.

परवा आल्या. रिपोर्ट 106. तो दाखवायला नाही, धाकट्या बहिणीची फाईल घेऊन आल्या होत्या. तिलाही सातव्या महिन्यात शुगर निघाली होती. बाळ आता तीन वर्षांचं आहे, तपासणी एकदाही नाही.